सोंग आणि अंग

"ही ती न्हाई," मावशी म्हणाली आणि तिचे शेंगा फोडणारे हात थांबले.

2020 चा पावसाळा होता. टाळेबंदीत बंद पडलेलं मालिकांचं चित्रीकरण नुकतंच पुन्हा सुरू झालं होतं आणि 'आई कुठे काय करते' मधली संजना नवा चेहरा घेऊन आली होती. आधी दीपाली पानसरे होत्या, आता रूपाली भोसले. पडद्यावर देशमुखांच्या घरात कुणालाच काही वावगं दिसलं नाही. अनिरुद्ध तिच्याशी काल सोडलं तिथून पुढे बोलू लागला. फरक कळला तो इस्लापुरातल्या आमच्या ओसरीला.

तीन दिवस मावशीने या नव्या बाईला सोयरिकीला आलेली मुलगी न्याहाळावी तसं न्याहाळलं. चालते कशी, डोळे कसे फिरवते, पदर सावरते का. चौथ्या दिवशी ती बाई अरुंधतीला टोचून बोलली आणि जुन्या संजनासाठी राखून ठेवलेली शिवी मावशीच्या तोंडून आपोआप सुटली. फेरफार मंजूर. सातबारा नव्या बाईच्या नावावर.

इस्लापूर हे नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातलं बाजाराचं गाव. जवळच पैनगंगेवर सहस्रकुंडाचा धबधबा, नदीच्या पल्याड यवतमाळ जिल्हा, आणि तेलंगणाची हद्दही फार लांब नाही. बाजाराच्या दिवशी मराठी, तेलुगू, गोरमाटी आणि गोंडी एकाच तराजूपुढे उभ्या असतात. मालिकांची चर्चा या सगळ्या भाषांत चालते, आणि चर्चा म्हणजे निवाडाच. अमक्याचं लग्न तमकीशी का लावून देत नाहीत? ती नटी मधेच का निघून गेली? ते दोघं खरोखरीचे एकमेकांचे आहेत का? शेजारच्या सुनेबद्दल जे बोललं तर आठ दिवस भांडण पुरेल, ते मालिकेतल्या सुनेबद्दल चौकात उभं राहून बोलता येतं.

पुढे एका दिवाळीत पुण्याहून आलेला भाचा फोनवर 'शिकागो फायर' बघत होता. आग विझवणाऱ्यांची ही अमेरिकन मालिका 2012 पासून चालू आहे. तिच्यात कॅप्टन केसीचं काम करणारा जेसी स्पेन्सर 2021 मध्ये मालिका सोडून गेला, याचं त्याला अजून वाईट वाटत होतं. मावशीने विचारलं, "मग दुसरा आणला न्हाई का?" तो म्हणाला, "नाही गं आजी. तो गाव सोडून गेला, असं दाखवलं." मावशीला हे पटलं नाही. (आगीचा बंब वेळेवर पोचतो, हेही तिला पटलं नाही. आमच्याकडे कडब्याची गंजी पेटली की बंब येईस्तोवर राख सावडायची वेळ झालेली असते.)

तिचा प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. सोंग एकाच अंगाला चिकटलेलं असतं, ही समजूत आपल्याकडे आली कधी?

आमच्या भागात ती मुळात नव्हतीच. माहूरची रेणुका ही गोंधळ्यांची देवी, आणि माहूर आमच्या शेजारचं. गोंधळात संबळाच्या ठेक्यावर एकच माणूस राजा होतो, राणी होतो, मधेच राणीची दासीही होतो. कपडे तेच, मिश्या त्याच. आवाज बदलला की बाई झाली. ऐकणाऱ्याला तेवढं पुरतं. सोंगी भारुडात निदान लुगडं नेसतात, पण लुगड्यातला गडी कोण हे गावाला पक्कं ठाऊक असतं. सकाळी त्याच्याकडूनच रेडकू विकत घेतलेलं असतं. पुढच्या वर्षी तो कामाला परगावी गेला तर त्याचा भाऊ लुगडं नेसतो. 'ही ती न्हाई' असं तिथे कुणी म्हणत नाही, कारण 'ती' कुणा एकाची नसतेच. ती गावाची.

गोंडांच्या दिवाळीतली दंडारी तर याच्याही पुढची. मोरपिसांचा भला मोठा टोप घालून नाचणारे गुसाडी पलीकडच्या आदिलाबाद भागात प्रसिद्ध आहेत. या कलेसाठी 2021 मध्ये मार्लावाईच्या कनक राजूंना पद्मश्री मिळाली. व्रताच्या त्या दिवसांत गुसाडी अंघोळ करत नाही, आणि लोक त्याला देवाच्या जागी मानतात. आपला शेजारी म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही. सोंग अंगाला पार गिळून टाकतं. व्रत सुटलं, अंघोळ झाली की तो पुन्हा आपला शेजारी.

मग सोंग चिकटलं कुठे? माझ्या मते, नाटक कंपन्यांच्या तंबूत. नेमकं नाव सांगायचं तर नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. तेही पुरुषाने बाई होणंच, भारुडासारखंच. पण इथे लुगड्यातला माणूस शेजारचा नव्हता. तिकीट काढून त्याला बघावं लागे, आणि त्याच्या बाई होण्यात इतकी नजाकत होती की घरंदाज बायका त्याच्याकडे बघून साडी नेसायला आणि नथ घालायला शिकल्या. नाटकांतली भामिनी म्हणजे बालगंधर्व आणि सिंधू म्हणजे बालगंधर्व, हे समीकरण इतकं घट्ट झालं की दुसऱ्या कुणाची सिंधू म्हणजे नक्कल वाटू लागली. 12 मार्च 1911 ला 'मानापमान' चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची तान्ही मुलगी गेली. प्रयोग त्यांनी केला. ही गोष्ट लोकांनी इतक्या वर्षांत इतक्या वेळा सांगितली आहे की ती आता नाटकाचाच एक प्रवेश झाली आहे. नटाच्या घरात काय चाललंय याच्यासकट नाटक बघायचं, ही सवय त्याच सुमारास लागली असावी.

आणि तट पडले. गंधर्वांचे भक्त एकीकडे, ललितकलादर्शच्या केशवराव भोसल्यांचे दुसरीकडे. 8 जुलै 1921 ला टिळक स्वराज्य फंडासाठी दोन्ही कंपन्यांनी मिळून 'मानापमान' केलं, केशवराव धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. त्या रात्री कोण वरचढ ठरला, यावरची भांडणं ते प्रेक्षक म्हातारे होईपर्यंत पुरली. केशवराव मात्र त्यानंतर तीन महिन्यांतच वारले.

या गोष्टीचं शेपूट मला जास्त आवडतं. 1935 मध्ये प्रभातने 'धर्मात्मा' काढला. त्यात बालगंधर्व झाले संत एकनाथ. आमच्याच मराठवाड्यातल्या पैठणचे, भारुडं रचणारे एकनाथ! जन्मभर बाई होऊन गाजलेला नट पुरुषाच्या कपड्यांत समोर आला, आणि लोकांना तेच सोंग वाटलं. प्रभातबरोबर त्यांचा तो एकच चित्रपट झाला. उलट साठी उलटून गेल्यावर, शरीर थकल्यावरही ते सिंधू म्हणून उभे राहिले तेव्हा जुने रसिक डोळे मिटून ऐकत राहिले. अंग उरलं नव्हतं, पण लोकांनी सोंग सोडलं नाही.

रेडिओने काही काळ हा गुंता सोडवला, कारण रेडिओला अंगच नाही. मुंबई आकाशवाणीच्या 'प्रपंच' मधले टेकाडे भावजी म्हणजे प्रभाकर जोशी, पंत म्हणजे बाळ कुडतरकर आणि मीनावहिनी म्हणजे नीलम प्रभू. पण ऐकणाऱ्या प्रत्येक घराने आपापला टेकाडे भावजी मनात घडवला होता. उपदेश करणाऱ्या माणसाला 'टेकाडे भावजी' म्हणायची रीत पडली, आणि तसं म्हणणाऱ्या कितीतरी जणांना प्रभाकर जोशी रस्त्यात भेटले असते तरी ओळखू आले नसते.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि आवाजांना पुन्हा चेहरे आले. चिं. वि. जोशींच्या गोष्टींवरच्या 'चिमणराव' मध्ये दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. प्रभावळकर पुढे इतक्या निरनिराळ्या रूपांत दिसले की चिमणराव त्यांच्या अंगावरून हळूहळू उतरला. बाळ कर्व्यांच्या अंगावरून गुंड्याभाऊ काही उतरला नाही. इस्लापूरला तेव्हा टीव्ही नव्हता. आमच्याकडे पुस्तकातला गुंड्याभाऊ होता, बिनचेहऱ्याचा, आणि मोठेपणी मी बाळ कर्व्यांना पाहिलं तेव्हा मनात आलं ते नेमकं मावशीचंच वाक्य.

इथे थोडं थांबतो, कारण 7 जुलै 1984 ला जे सुरू झालं त्याने चर्चेची तऱ्हाच बदलली. 'हम लोग'. मेक्सिकोत मिगेल साबिदो नावाच्या माणसाने टीव्हीवरच्या कौटुंबिक मालिकांतून कुटुंबनियोजनाचा प्रचार केला होता, त्याची ही देशी कलम. लिहिली मनोहर श्याम जोशींनी. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन दोन समजुतीचे शब्द सांगत. सरकारला वाटलं, लोक बोध घेतील. लोकांनी कागद घेतला आणि पत्रं लिहिली. या मालिकेचा अभ्यास करणाऱ्यांनी पत्रांचा आकडा 4 लाखांवर सांगितला आहे. पत्रांत काय होतं? बडकीचं लग्न लावा. लल्लूला नोकरी लावा. बसेसर रामची दारू सोडवा. मालिका पुढची लिहिली जात असतानाच प्रेक्षक लेखकाच्या कानाशी लागला होता, आणि लेखकालाही ऐकू येत होतं.

मालिकेतल्या माणसांना हाक मारण्याचा हा हक्क पोस्टाच्या तिकिटावर मिळाला. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' 1890 पासून 'करमणूक' मध्ये क्रमशः आली, तेव्हाही पुढच्या अंकाची वाट बघत यमूसाठी जीव टांगणीला लावणारे वाचक होते. पण यमूला चेहरा नव्हता. बडकीला सीमा भार्गवचा चेहरा होता. गंमत अशी की, पत्रांनी बडकीचं लग्न डॉक्टर अश्विनीशी लावून घेतलं, आणि खऱ्या सीमाने पुढे लग्न केलं ते त्याच मालिकेत टोनी झालेल्या मनोज पाहवांशी. सोंगाची सोयरीक वेगळी, अंगाची वेगळी.

25 जानेवारी 1987 ला 'रामायण' आलं. त्याबद्दल फार लिहिलं गेलं आहे, म्हणून एवढंच सांगतो. आमच्याकडे पहिला टीव्ही आला तो याच्यासाठी, आणि रविवारी सकाळी त्याला हळदकुंकू लावणारी मावशी हीच. लोक भोळे होते असं म्हणायची पद्धत आहे. मला तसं वाटत नाही. 1991 च्या निवडणुकीत बडोद्यातून सीता, म्हणजे दीपिका चिखलिया, निवडून आल्या. त्याच निवडणुकीत साबरकांठ्यातून रावण, म्हणजे अरविंद त्रिवेदी, तेही निवडून आले. रावणाला मत देणाऱ्या माणसाला सोंग आणि अंग वेगळं करता येत नाही, असं कसं म्हणणार? 'महाभारत' चे श्रीकृष्ण नितीश भारद्वाज 1996 मध्ये जमशेदपूरहून लोकसभेत गेले. रामाला सगळ्यात जास्त थांबावं लागलं. अरुण गोविल मेरठहून खासदार झाले ते 2024 मध्ये.

तोवर बरंचसं आठवड्यातून एकदाच होतं. आठवड्यातून एकदा भेटणारा माणूस पाहुणा असतो, रोज भेटणारा घरचा. 15 ऑगस्ट 1999 ला अल्फा टीव्ही मराठी आलं, पाठोपाठ जुलै 2000 मध्ये ई टीव्ही मराठी. या दुसऱ्या वाहिनीचा कारभार हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून चाले. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या हैदराबादेतून सुटला आणि 52 वर्षांनी सासूचे हुकूम पुन्हा हैदराबादेहून यायला लागले. त्या वाहिनीवरची 'चार दिवस सासूचे' 2001 ला लागली आणि 2013 ला उठली. रोहिणी हट्टंगडी आणि कविता लाड, 3 हजारांवर भाग. आमच्या गल्लीत या मालिकेच्या काळात लग्न होऊन आलेल्या सुना ती संपेपर्यंत स्वतः सासू होण्याच्या वाटेला लागल्या.

रोजच्या मालिकेने एक नवी अडचण आणली. रोज एक भाग द्यायचा तर नटाला ताप येऊन चालत नाही, त्याचं बाळंतपण किंवा भांडण तर बिलकुल चालत नाही. तो गेला तर पात्र मारायचं, परगावी धाडायचं किंवा त्याच नावाखाली दुसरा माणूस उभा करायचा. तिसरी युक्ती सगळ्यात स्वस्त, आणि भारुडाइतकी जुनी. 'माझ्या नवऱ्याची बायको' मधली शनाया आधी रसिका सुनील, मग 2018 पासून ईशा केसकर, मग पुन्हा रसिका सुनील. तोवर आमच्याकडे शनाया ही माणसापेक्षा पाटीलकीसारखी वाटू लागली होती. गादीवर कोण बसलंय हे बघायचं आणि त्याप्रमाणे नावं ठेवायची.

त्याच्या थोडं आधी आम्हाला भाव आला. 2015 च्या ऑक्टोबरात टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्कच्या आकड्यांत ग्रामीण घरं मोजली जाऊ लागली, आणि त्यानंतर वर्षभरात मालिकांत मोठमोठ्या वाड्यांऐवजी गोठे, तालमी आणि शेतं दिसायला लागली. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही. 'तुझ्यात जीव रंगला' मधला कोल्हापूरचा राणादा त्यातूनच आला. हार्दिक जोशी आणि अक्षया देवधर यांनी डिसेंबर 2022 मध्ये खरोखर लग्न केलं तेव्हा मालिका संपून वर्ष उलटलं होतं. मावशीला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "ह्यांचं लगीन झालंच होतं की. पुन्हा कामून?" आधी 'होणार सून मी ह्या घरची' मधले श्री आणि जान्हवी, म्हणजे शशांक केतकर आणि तेजश्री प्रधान, असेच खरे नवरा-बायको झाले होते आणि नंतर वेगळे झाले. ते मात्र मावशीने कधीच मान्य केलं नाही. तिच्या लेखी जान्हवी अजून गोखल्यांच्याच घरात आहे.

वाद झाला की गावाचे तट पडतात. जानेवारी 2022 मध्ये 'मुलगी झाली हो' मधून बापाचं काम करणाऱ्या किरण माने यांना काढलं. राजकीय लिखाणामुळे काढलं असं त्यांचं म्हणणं, सहकलाकार महिलांशी वागणुकीमुळे काढलं असं वाहिनीचं. सहकलाकारही दोन्ही बाजूंनी बोलले. आमच्या पानठेल्यावर पंधरा दिवस यावर खल झाला, पण मुद्दा भलताच होता. मुक्या लेकीला झिडकारणारा बाप नुकता कुठे माणसात येत होता, आता तिच्याकडे बघणार कोण?

मात्र आमच्या गावाचा खरा खटला 'रंग माझा वेगळा' चा. 2019 ला ती सुरू झाली तेव्हा भिंतीपलीकडची तेलुगू बोलणारी अक्का दोन वर्षांपासून 'कार्तिक दीपम' बघत होती. दोन्हींचं मूळ एकच, 'करुत्तमुत्तु' ही मल्याळम मालिका. काळ्या रंगाची दीपा, डॉक्टर नवरा कार्तिक, सौंदर्या नावाची सासू. तेलुगूतली नावंसुद्धा मराठीत बदलली नव्हती. तेलुगूत प्रेमी विश्वनाथ आणि निरुपम परिटाला, मराठीत रेश्मा शिंदे आणि आशुतोष गोखले. तेलुगूतली दीपा पोट भरायला स्वयंपाक करू लागते, म्हणून तिला लोक 'वंटलक्का' म्हणत, आणि नवरा 'डॉक्टर बाबू'.

अक्का मोडक्या मराठीत भविष्य सांगायची. नवरा संशय घेणार. जुळ्या पोरी होणार. एक आईपाशी वाढणार, दुसरी बापाच्या घरी. मावशी आधी चिडायची, मग मुद्दाम भिंतीपाशी जाऊन विचारायची. पुढचं माहीत असूनही दोघी रोज बघत. गोंधळातली कथाही पुढची माहीतच असते.

एका गोष्टीवर दोघींचं एकमत होतं. दोन्ही नट्या गोऱ्या आणि दोघींना रंग फासून काळं केलेलं. त्यावर शहरांतही टीका झाली होती, पण आमच्याकडे ती वेगळ्या शब्दांत झाली. बाजारात भाजी विकणाऱ्या बायकांकडे बोट दाखवून मावशी म्हणाली, "एवढ्या बसल्यात. पावडरचा खर्च तरी वाचला असता." अक्का म्हणाली, "वंटलक्काचे हात बघ, मानेपेक्षा गोरे." त्या दिवसापासून मलाही हातच दिसायला लागले.

'कार्तिक दीपम' 2023 च्या जानेवारीत संपली, 'रंग माझा वेगळा' त्याच वर्षी सप्टेंबरात. मग 2024 च्या मार्चमध्ये एकाच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. तेलुगूत त्याच दोघांना घेऊन 'कार्तिक दीपम' चा नवा अध्याय लागला. वंटलक्का पुन्हा वंटलक्का झाली. मराठीत रेश्मा शिंदे 'घरोघरी मातीच्या चुली' मध्ये जानकी होऊन आली, आपल्या मूळ रंगात.

अक्का भिंतीवरून हात हलवून सांगत होती, आमची दीपा परत आली. मावशीने आपल्या टीव्हीकडे पाहिलं. पडद्यावर नवं घर, नवा नवरा, नवी सासू. तिने 'ही ती न्हाई' म्हणायची मी वाट बघितली. ती शेंगा फोडत राहिली.

"आमचीबी हाय की," ती भिंतीकडे बघून म्हणाली. "आता दुसरीकडं नांदायली."